बुडितातल्या गावांचा उल्लेख कुठं आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'आपली वीज, आपला गॅस येतो कुठून' हा लेख वाचला. कोळशाला पाऊण पान, सौरऊर्जेला रंगीत तक्ता आणि कोयनेला एक ओळ, 'जलविद्युतचा वाटा अल्प'. वर्षाच्या युनिटांत मोजला तर तो अल्पच दिसणार. कृष्णेच्या पाण्याची राज्यांत वाटणी करणाऱ्या कृष्णा लवादानं विजेसाठी पश्चिमेकडं वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधून दिलंय, त्यामुळं १,९६० मेगावॉटचे संच रात्रंदिवस चालवताच येत नाहीत. ते पाणी पुरवून वापरावं लागतं, मुख्यतः मागणी चढते तेव्हा. सूर्य मावळला की सौरवीज थांबते आणि घरोघर दिवे लागतात. थंड पडलेला कोळशाचा संच जोडायला तासन् तास जातात, कोयनेचा संच काही मिनिटांत सुरू होतो. हे लेखकानं लिहायलाच हवं होतं.

नकाशात कोयनेचा ठिपका रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोफळीपाशी आहे. वीजगृह तिथं आहे, खरंय. पण पाणी साठलंय ते सातारा जिल्ह्यात, पाटण-जावळीकडच्या गावांवर. त्यातलं एक आमचं. आजोबा भातखाचरं आणि ग्रामदैवत सोडून सांगली जिल्ह्यात आले. मागं राहिलेल्या भाऊबंदांनी १९६७चा भूकंपही सोसला. साठ वर्षं उलटून गेली. मुलीच्या प्रकल्पग्रस्त दाखल्यासाठी मी कचेरीत गेलो, तर साहेब म्हणाले, बुडालेल्या जमिनीचा मूळ उतारा आणा. तो उतारा आम्ही कुठून आणायचा? जमीन सरकारनं घेतली, दप्तर सरकारचं, आणि शोधाशोध आम्ही करायची! कोयनेची माणसं पुनर्वसनासाठी अजूनही आंदोलनाला बसतात. त्याची बातमी आपल्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींत संपते, याचं वाईट वाटतं.

गॅसबद्दलही घोटाळा झालाय. गुजरातेत दहेजला जहाजानं येणारा कतारचा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) आणि सिलिंडरमधला एलपीजी लेखात एकच करून टाकलेत. पहिला पाइपलाइननं शहरांत आणि खत कारखान्यांत जातो. शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, पलीकडच्या काठावर आमच्या नातेवाइकांकडं येतो तो दुसरा, आणि तोही लाँचमधून पाणी ओलांडून. निम्म्याहून जास्त एलपीजी आपण परदेशातून, बहुतांशी आखातातून घेतो, हेही लेखात नाही.

कृपया दुरुस्ती छापावी. आणि कोयनेच्या बुडितात गेलेल्या गावांची नावं एकदा पुरवणीत द्यावीत, ती सरकारदरबारी नोंदलेली आहेत.

आपला,
एक कोयना प्रकल्पग्रस्त, जि. सांगली