बोगद्यातले पाणी कुठे जाणार, हे आधी ठरवा

मा. रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबनच्या नव्या रेल्वेपुलाचे एप्रिल २०२५ मध्ये लोकार्पण झाले. त्याचा ७२.५ मीटरचा अख्खा गाळा बोटींसाठी १७ मीटर वर उचलला जातो. रुळाखालून कोणाला जायचे आहे, हे तिथे आराखड्यातच ठरले. विदर्भातल्या खेड्यांत फाटके काढून रस्त्यासाठी रुळाखालून बोगदे बांधताना नेमका हाच विचार सुटतो. ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, त्याने जीव वाचले; त्याबद्दल तक्रार नाही. पण मृग बरसला की बोगदा भरतो आणि शाळा, दवाखाना, वावर रुळापलीकडे राहते.

हे पाणी येते कुठून? दोन्ही उतार मिळून १०० मीटर लांब, ५ मीटर रुंद धरा. १०० मिमी पावसात त्यांवर ५० हजार लिटर पाणी पडते. शेजारच्या एका हेक्टर वावरातले निम्मे पाणी आत वळले, तर ते ५ लाख लिटर होते. म्हणून नुसते पत्र्याचे छत पुरत नाही. उताराच्या तोंडाशी रस्त्याला उंचवटा द्यावा, बाजूच्या भिंती जमिनीच्या वर घ्याव्यात, वावरातले पाणी बाहेरच्या बाहेर नालीने काढावे. छत त्यानंतर.

काही पाणी जमिनीतूनही येते. गाड्या थांबवून काँक्रीटचे तयार खोके काही तासांत शेजारी-शेजारी बसवतात. त्या घाईत सांधे कच्चे राहतात. काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाऊस उघडल्यावरही पाझर चालू राहतो. तळाला शेवाळ धरते, दुचाक्या घसरतात. सांध्यांना बाहेरून जलरोधक थर द्यायचा तो माती भरण्याआधीच. नंतर आतून केलेले ग्राउटिंग (फटींत सिमेंटचे मिश्रण दाबून भरणे) ही डागडुजीच.

खरी मेख लेव्हलमध्ये आहे. बोगद्याचा तळ नाल्याच्या तळाखाली गेला, की पाणी आपोआप निघत नाही आणि पुरात नाल्याचेच पाणी उलटे आत शिरते. तिथे संप (पाणी गोळा होणारा खड्डा), पाणी चढताच फ्लोटवर आपोआप चालणारे दोन पंप (एक बिघडला तर दुसरा) आणि बाहेरच्याच दिशेने उघडणारी झडप हवी. पंप शेतीच्या फीडरवर जोडू नका. वादळी पावसात तीच लाइन आधी जाते. रेल्वेची वीज द्या, सोबत जनरेटर ठेवा. संपाची जाळी गाळाने बुजते. ती मे महिन्यात आणि पुढे प्रत्येक मोठ्या पावसानंतर साफ व्हावी.

उंचीचेही पाहावे. कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली आणि हार्वेस्टर अडकला, तर शेतकऱ्याला लांबचा फेरा पडतो.

आमची मागणी अशी : यापुढे फाटक बंद करण्याआधी बोगद्याचा तळ, नाल्याचा तळ आणि नाल्याची पूरपातळी या तिन्ही लेव्हल ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. पाणी उताराने निघत नसेल, तर पहिला पर्याय उड्डाणपुलाचा असावा. आणि आहेत त्या प्रत्येक बोगद्यावर, पाणी उपसण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, त्याचे पद आणि दूरध्वनी क्रमांक येत्या पावसाळ्याआधी रंगवून लावावा.

आपले,
विदर्भातील रेल्वेमार्गालगतचे गावकरी