परभणीच्या स्पीकरवाल्या मामूंना

मामू, सलाम.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. मराठी तुम्ही माझ्यापेक्षा फर्डी बोलता, पण वाचायची वेळ आली की तुमचा चष्मा सापडत नाही, हे मला ठाऊक आहे. घरी येऊन चार शब्द बोललो असतो तर तुम्ही "छोड ना बेटा" म्हणून चहा मागवला असता आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून लिहितोय, तेही चारचौघांसमोर.

झालं असं की परवा जालन्याच्या कार्यक्रमानंतर एक पोरगा स्टेजमागे आला. "दादा, गिटार कोणती? बेस लई भारी लागला." गिटार तीच, बेस म्हणजे खालचे जाड सूर काढणारी, अकरा हजारांची, 2017 साली घेतलेली. त्या पोराने तिचे पुढून-मागून चार फोटो काढले. मागं उभ्या असलेल्या, आपण बनवलेल्या स्पीकरच्या काळ्या खोक्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली, कारण तुमच्या दुकानात येण्याआधी मीसुद्धा अगदी तस्साच होतो.

2018 च्या एप्रिलमधली ती सकाळ आठवते का? आदल्या रात्री जिंतूरकडच्या एका गावात जयंतीचा कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्याला माझ्या अँपमधून (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरवाला डबा) आधी खर्र खर्र, मग फट्ट, आणि मग काहीच नाही. पुढचा सगळा कार्यक्रम कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस वाजवून काढला. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात नाहीतरी बेस म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. हा गिटार गळ्यात घालून शोभेला उभा असतो, असं पार्टीतले लोक माझ्या तोंडावर म्हणायचे. खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. माझा आवाज चौथ्या रांगेपलीकडे जातच नव्हता.

तोवर मी काय काय केलं होतं ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तारा तीनदा बदलल्या. तारांचा आवाज पकडणारा पिकअप बदलला. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने "गिटारच हलकी आहे, ही घ्या" म्हणून पस्तीस हजारांची गिटार दाखवली, आणि मी तिच्यासाठी पैसे साठवायला लागलो होतो. ते पैसे तुमच्यामुळे वाचले.

तुम्ही तो बारा इंची स्पीकर मांडीवर घेतला. दोन्ही हातांची बोटं कोनवर, म्हणजे पुढच्या शंकूवर, पसरून तो अगदी हळू खाली दाबला, कान जवळ नेला. खर्र. मग नाक जवळ नेलं. मी विचारलं, "जळला का?" तर म्हणालात, "नहीं. जला तो बू आती. ये जला नहीं, कूदके मरा."

मग ब्लेडने कोन कापून कॉइल बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बांगडीएवढी ती नळी, तिच्यावर तांब्याची बारीक तार, एकही वेढा काळा पडलेला नाही. पण नळीची खालची कड चेपलेली, चहाचा कागदी कप बुडाकडून दाबावा तशी. स्पीकर दोन रीतींनी मरतो हे त्या दिवशी कळलं. जास्त पॉवर दिली तर कॉइल तापून जळते. आणि जास्त हलवला तर कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर उडते, मागच्या लोखंडावर आदळते. माझा दुसऱ्या रीतीने गेला होता, कारण तो बेसचा स्पीकर नव्हताच. लीड गिटारचा, म्हणजे वरच्या सुरांच्या गिटारचा अँप होता तो, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. तसल्या स्पीकरचा कोन हलका आणि कॉइल आखूड असते. जेमतेम मिलिमीटरभर हलायची त्याची ऐपत.

बेसच्या जाड ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 41 कंपनं. तोच आवाज तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं. हे गणित मी नंतर वाचलं. तुम्ही ते हाताने दाखवलं होतं: आधी बोटं जराशी थरथरवली, "ये लीड", मग हात पुढे-मागे हापशासारखा चालवला, "ये बेस". बेसवाला स्पीकर चार-पाच मिलिमीटर तरी सरळ हलला पाहिजे, न अडखळता. मी त्या हलक्या जिवाला हापसा मारायला लावत होतो. वर पाठ उघडी असलेली पेटी! कोनच्या पुढची हवा दाबली जाते तेव्हा मागची विरळ होते, आणि खालच्या सुरांत दोन्ही वळसा घालून एकमेकींना खाऊन टाकतात. जो आवाज निघत होता तोही पेटीच गिळत होती.

"बेटा, गिटार नक्को बदल. डब्बा बदल."

ही ओळ मी घराच्या भिंतीवर लिहायची बाकी ठेवली आहे.

नव्या खोक्याच्या कामातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते ज्वारीचं प्रकरण. दहा इंची दोन बेस ड्रायव्हर, म्हणजे पेटीविना नुसते स्पीकर, आणायचे ठरले, 18 मिलिमीटरचा प्लाय आणला, सुताराने पेटी ठोकली. आत आडव्या दांड्या तुम्ही स्वतः बसवल्या, टरबूज वाजवून बघावं तसं बोटाच्या पेराने प्रत्येक फळी ठोकत. जिथं "ढब" वाजे तिथं दांडी. फळी स्वतःच गायला लागली तर सूर गढूळ होतो, म्हणालात. आणि मग विचारलंत, "घर में ज्वार है?"

आईला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "खोक्यात ओतायची? वर्षाची ज्वारी?" एक कट्टा आणि वर दोन घमेली घेऊन मी आलो. आत दांड्या असल्यामुळे लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार खरा येत नाही, म्हणून तुम्ही 20 लिटरच्या पाण्याच्या जारने मोजून मोजून पेटी भरली. चार जारांना थोडी कमी, म्हणजे 78 लिटर धरले. त्यातून पाइपांची आणि ड्रायव्हरच्या पाठीची जागा गेली, उरले साधारण 70. दुकानासमोर बघ्यांची गर्दी झाली होती. एकाने विचारलं, "मामू, आता स्पीकरबी भाकर खाणार का?"

ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील नावाच्या अभियंत्याने 1961 मध्ये पेटी आणि स्पीकरचं गणित मांडलं, पुढे 1970 च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं. स्पीकर उघडा असताना कोणत्या सुराला सर्वात सहज डोलतो, त्याच्या मागची स्प्रिंग किती लिटर हवेएवढी ताठ आहे, असे दोन-चार आकडे हाती आले की पेटी किती मोठी हवी ते कागदावर काढता येतं. आज ते आकडे ड्रायव्हरच्या कागदावर छापून येतात आणि मोबाइलसुद्धा हिशोब करतो. तुमच्याकडे तेव्हा तो कागद होता. तुम्ही तो वाचलाही होता, इंग्रजीत, चष्म्याशिवाय. तेव्हा मला कळलं की चष्म्याचं निमित्त फक्त सोयीचं आहे. (नातीला म्हणावं, ही ओळ वाचताना आजोबांचा चेहरा बघ.)

मग पेटीच्या भोकांत बसवायचे पाइप. नळकामाचा 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, 25 सेंटिमीटरचे दोन तुकडे. पाइप जितका लांब तितका पेटीचा सूर खाली. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमतो, तोच हा प्रकार. मी सूर वाजवत होतो आणि तुमचं एक बोट कोनवर, दुसऱ्या हातात पाइपच्या तोंडाशी पेटती उदबत्ती. "नीचे आ. और नीचे." प्रत्येक सुराला कोन बोटाखाली धडधडतोय, धूर जरा हलतोय. आणि मग एका सुरावर धूर एकदम फाटला, पाइपमधून वारा सुटला, आणि तुम्ही माझं बोट धरून कोनवर ठेवलंत. कोन जवळजवळ निश्चल. खोलीभर आवाज, आणि स्पीकर उभा. माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगतो. त्या सुरावर काम पाइपमधली हवा करते आणि ड्रायव्हर विसावतो. तो सूर जरा खाली लागत होता, म्हणून पाइप बाहेर काढून करवतीने सेंटिमीटर सेंटिमीटर कापत गेलात. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा 'जी' सूर, म्हणजे 49 हर्ट्झ, तिथं कोन थांबला तेव्हा करवत खाली ठेवलीत. पाइप वीसच्या आत-बाहेर उरला होता.

आणि लगेच दम दिलात: त्याच्या खाली जाशील तर सांभाळून. 49 च्या खाली पाइपमधल्या हवेचा टेकू सुटतो, कोन मोकाट हलतो आणि पुन्हा "कूदके" मरतो. म्हणून अँपवरचं बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं नाही. मी तर कायम ते पूर्ण उजवीकडे ठेवायचो! 12 डेसिबल वाढवले की तिथं सोळापट पॉवर मागितली जाते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता ते मध्याच्या जरा डावीकडेच असतं, आणि लोक म्हणतात बेस वाढला. उघड्या ई तारेचा 41 हर्ट्झ माझ्या पेटीतून थोडाच निघतो, पण त्याची दुप्पट-तिप्पट, 82 आणि 123, नीट निघतात आणि उरलेला कान स्वतः भरून घेतो. 1969 मध्ये अँपेग या अमेरिकी अँप कंपनीने दहा इंची आठ स्पीकरची जी बंद पेटी काढली, जिच्या आवाजावर जगातले बेसवाले अजून जीव टाकतात, तीसुद्धा 41 च्या बऱ्याच वरूनच उतरायला लागते. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फक्त "हौ, मालूम" म्हणालात. तुम्हाला आधीच कसं ठाऊक असतं, देव जाणे.

आता माझ्या शहाणपणाचं. ड्रायव्हर मी घरीच जोडले, तुमचा वेळ वाचवावा म्हणून. 8 ओहमचे दोन, समांतर, 4 ओहम, सगळं बरोबर. आणि बेस गायब! रात्रभर झोप नाही. सकाळी पेटी रिक्षात घालून आणली तर तुम्ही खिशातून पेन्सिल सेल काढला, त्याच्या दोन वायर एका ड्रायव्हरला टेकवल्या, कोन पुढे आला. दुसऱ्याला टेकवल्या, कोन आत गेला. एकाची तार मी उलटी जोडली होती. एक हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता. "एक बोलता हौ, दूसरा बोलता नक्को," म्हणून इतके हसलात की शेजारचा पंक्चरवाला उठून आला. ती गोष्ट तुम्ही अजून प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगता, हेही माझ्या कानावर आहे.

एका बाबतीत मात्र आपलं जमलं नाही. ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर. तुमचं म्हणणं, बेसला भोंगा कशाला, तो लग्नाला चांगला. पण अंगठ्याने तार आपटली की जो कडक आवाज हवा, तो दहा इंची कोनमधून पूर्ण येत नाही, निदान बाजूला बसलेल्याला येत नाही. कोन जितका मोठा तितका त्याचा वरचा आवाज समोरच जातो, बाजूला पांगत नाही. मी मागच्या वर्षी एक छोटा ट्वीटर बसवला. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. त्याला बंद करायचं बटण ठेवलंय, तुम्ही आलात की बंद असेल.

मैदानाचं मात्र तुमचंच खरं निघालं. घरात ज्या पेटीने भांडी वाजायची ती उघड्या मैदानावर निम्मी वाटायची, कारण घरात भिंती आणि कोपरा आवाज परत फेकतात, तिथं पाठीमागे नुसता मांडवाचा कपडा. आणि बॅरल-फळ्यांचं स्टेज स्वतःच ढोलासारखं घुमतं. तुम्ही सांगितल्यापासून मी पेटीखाली जुन्या टायरचे तुकडे घालतो. कीबोर्डवाला आता डाव्या हाताने फक्त कॉर्ड धरतो. त्याने कधी कबूल केलं नाही, पण डावा हात सोडला, त्यातच आलं.

पैशाचं आपलं जे ठरलं होतं ते मी दिलं, तेव्हा त्याबद्दल आभार नाहीत. आभार आहेत त्या सकाळचे, जेव्हा तुम्ही नवा कोन चिकटवून, तीनशे रुपये घेऊन मला वाटेला लावू शकला असता. महिन्याभराने मी पुन्हा आलो असतो, पुन्हा तीनशे. त्याऐवजी तुम्ही कॉइल माझ्या हातावर ठेवलीत.

आई विचारत असते तुम्हाला. ज्वारी तिने दोनदा चाळून, धुऊन-वाळवून घेतली, तरी त्या वर्षीच्या भाकरीला प्लायचा वास येतो असं ती ज्वारी संपेपर्यंत म्हणत राहिली. आणि जालन्याहून परतल्यावर एका ठरावीक सुराला पेटीत काहीतरी बारीक झणझणायला लागलं, बी फ्लॅटला. मला वाटलं फळी सुटली, दांडी सुटली. काल ड्रायव्हर काढून पेटी उलटी केली आणि जोरात हलवली. पाइपमधून ज्वारीचा एक दाणा फरशीवर पडला.

ठेवलाय. शुक्रवारी घेऊन येतो.

तुमचा,
बेसवाला