कॉटन मार्केटच्या बॅटरीवाल्या काकाजींना

काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिलेली बॅटरी बसवल्यापासून आमची जेट स्की पहिल्याच सेल्फला सुरू होते आहे. एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमचे आभार चारचौघांसमोर मानावेत असं मनात होतं, म्हणून हे उघडं पत्र.

तलावावर बोटिंग चालवणाऱ्या आम्हा बहीणभावांचा मे म्हणजे कमाईचा महिना. शाळांना सुट्ट्या असतात आणि उन्हाने त्रासलेला नागपूरकर पाणी शोधत निघतो. नेमकं तेव्हाच मशीनने सेल्फ घेणं सोडलं. बटण दाबलं की नुसतं टक्-टक्. ज्याला विचारावं तो म्हणे, बॅटरी बदला, नाहीतर ट्रकवर टाकून मुंबईला पाठवा. तुमच्या दुकानात तर बॅटऱ्यांची रांगच मांडलेली होती. तरी तुम्ही म्हणालात, "आधी पाहू ना बेटा, खरंच मेली का ते."

टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा थर तुम्ही घासून काढायला लावलात. मग बॅटरी रात्रभर हळूहळू चार्ज केलीत आणि चार्जर काढल्यावर काही तास तशीच ठेवलीत. मीटरवर १२.६ व्होल्ट आलं, तेव्हा मला वाटलं, वाचली! तुम्ही मान हलवलीत. या सीलबंद एजीएम (आतल्या काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणाऱ्या) बॅटरीने पूर्ण चार्जवर १२.८ च्या आसपास दाखवायला हवं, आणि नुसता आकडा बघून काही ठरत नाही, तिच्यावर ओझं टाकून बघायचं असतं. लोड टेस्टर लावताच काटा धाडकन आठच्या खाली गेला. सेल्फच्या वेळी तो साडेनऊच्या वर टिकायला हवा, हे मला तेव्हा कळलं. तिथे थांबून नवी बॅटरी हातात ठेवली असतीत तरी मी खूश होऊन गेले असते. तुम्ही मात्र ती का मेली हेही सांगितलंत. उभ्या मशीनची बॅटरी आपोआप उतरत जाते, उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात, आणि गरमीत बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेल्या आपल्या गावात पत्र्याच्या शेडखाली उभ्या मशीनचं काय होत असेल, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

बॅटरी बसवायला तुम्ही माणूस पाठवू शकला असता. त्याऐवजी गिऱ्हाईक थांबवून तुम्ही व्हिडिओ कॉलवर बसलात आणि पाना माझ्या हातात राहू दिलात. प्रत्येक पायरीला तुमचा एकच प्रश्न: "काऊन? सांग." सीट काढून इंजिनाचा कप्पा आधी बराच वेळ उघडा ठेवायचा, काऊन? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि एक ठिणगी पुरते. काळी, म्हणजे मायनसची, वायर आधी काढायची, कारण लाल आधी सोडताना पाना कुठे धातूला टेकला तर थेट शॉर्ट. जोडताना उलट, लाल आधी, काळी शेवटी. रबरी पट्टा करकचून आवळायचा, कारण लाटांवर आपटून आतल्या प्लेटा तुटतात. टर्मिनलला व्हॅसलिन, हे तर मी स्वतःच सांगितलं आणि तुम्ही "शाब्बास" म्हणालात. काकाजी, ते शाब्बास मला फार मोलाचं वाटलं.

दुकानात तुम्ही नवी बॅटरी जुनीच्या शेजारी ठेवून बघितली होतीत, तेही विसरणार नाही. माप तेच, व्होल्ट तेच, पण एका मॉडेलचा प्लस उजवीकडे आणि दुसऱ्याचा डावीकडे. चुकीची नेली असती तर वायर पोचली नसती, किंवा ओढून उलटी जोडली गेली असती आणि फ्यूज, कदाचित रेक्टिफायरही (इंजिनातून बॅटरीला चार्जिंग देणारा भाग), जळाला असता.

ट्रेलरवर तपासताना इंजिन पाण्याशिवाय काही सेकंदच चालवायचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. इंजिन थंड ठेवायला पाण्याची नळी लावायची तर आमच्या मशीनला इंजिन आधी, पाणी नंतर. थांबवताना पाणी आधी बंद, मग इंजिन. नाहीतर एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरपर्यंत चढतं. दादाने हे शेडच्या भिंतीवर ठळक अक्षरात लिहून ठेवलं आहे.

मजुरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. उलट जुन्या बॅटरीच्या शिशाची किंमत बिलातून वजा केलीत. तुमचं अख्खं दुपारचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, हे मला स्क्रीनवर दिसत होतं. त्याचं मोल माझ्याकडून फिटणार नाही, पण ते मी पाहिलं, एवढं तुम्हाला कळावं.

पावसाळ्यात मशीन उभी आहे. काळी वायर सोडून ठेवली आहे आणि दर महिन्याला बॅटरी चार्ज करते. पाऊस उघडला की नातवंडांना घेऊन तलावावर या, लहान मापाची लाइफ जॅकेटं काढून ठेवली आहेत. शेजारच्या बोटवाल्याचीही मशीन टक्-टक् करू लागली आहे. त्याला तुमच्याकडेच पाठवते आहे. त्याची बॅटरीही आधी तपासून बघा.

तुमची,
तलावावरची पोरगी