विस्टेरिया लावायच्या आधी हे वाच

प्रिय वैशू,

कुंपणावर विस्टेरियाची वेल लावू का, हा तुझा मेसेज शनिवारीच वाचला पण उत्तर मुद्दाम लांबवलं, कारण विस्टेरियावर मला दोन ओळीत बोलता येत नाही, पहिलं फूल बघायला माझी सात वर्षं गेलीत बाई. तू पण जपानमधल्या अशिकागाच्या त्या जांभळ्या मांडवाचा फोटो बघून भुललीस ना? मी पण तशीच भुललेले. बहाव्याचे घोस कोणीतरी जांभळ्या रंगात बुडवून काढल्यासारखे, आणि गंमत म्हणजे बहावा, विस्टेरिया आणि आपली गोकर्ण, सगळे एकाच शेंगावाल्या कुळातले.

पण थंडगार ओटावातल्या तुझ्या कुंपणावर तो फोटो डोक्यात ठेवून वेल आणू नकोस.

मी 2015 ला इथे मिनियापोलिसला नर्सरीतून चायनीज विस्टेरिया आणली, टॅगवर फोटो सुंदर, भाव पण सुंदर. वेल अशी माजली की बास, एका उन्हाळ्यात डेकचा कठडा गिळला, पन्हाळीत घुसली, फूल मात्र एक नाही. अर्धी चूक माझीच, शेजारच्या लॉनला खत मारत होते त्यातलं नत्र हिला मिळायचं, आणि ही मुळात शेंगावाली, स्वतःचं नत्र स्वतः मिळवणारी, मग काय नुसती पाल्यावर गेली. हे मला कळायला नको? तासगावात द्राक्षबागेत वाढलेली मी! अप्पांना फोनवर सांगितलं तर हसले, म्हणाले, खत बंद कर आणि कात्री हातात घे.

खरं कारण नंतर कळलं. चायनीज आणि जपानी विस्टेरियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच काडीवर तयार होतात आणि अख्खा हिवाळा उघड्यावर काढतात. वेल जगते गं, कळ्या थंडीने मरतात. मे मध्ये पालवी हिरवीगार फुटते आणि आपण बसतो वाट बघत. मग 2019 चा जानेवारी आला, 30 तारखेला इथे उणे 33 सेल्सिअस झालं, आणि वेल पार जमिनीपर्यंत गेली. जूनमध्ये खालून फुटवे आले तेव्हा मी आनंदाने नाचले, पण ते कलमाच्या खालून आलेले, म्हणजे खुंटाचे, ज्या मुळांवर कलम बांधलेलं असतं त्या झाडाचे. आणि खुंट बियांपासून केलेला असला तर फुलायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. 2020 ला खणून काढली, तरी पुढे दोन वर्षं मुळातून कोंब येत होते, चिवट मेली.

आता तू काय आणायचं ते सांगते. अमेरिकन जातीतली केंटकी विस्टेरिया माग, त्यातली ब्लू मून. ही इथे मिनेसोटातच निवडलेली आहे. हिला फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, म्हणून हिवाळ्यात वरच्या काड्या वाळल्या तरी फुलं बुडत नाहीत. घोस वीतभर, फार तर फूटभर, हातभर लोंबणारे नाहीत, आणि पानं आल्यावर जूनमध्ये येतात, त्यामुळे तो नुसता जांभळा मांडव विसर. वास मंद. मी 2020 ला लावली, 2022 ला तीन घोस आले, मोजून तीन, मी त्यांचे शंभर फोटो काढले.

जागा दिवसभर उन्हाची हवी. आणि तुझ्या त्या लाकडी कुंपणावर नको, खोड जाड होत जातं आणि आवळत जातं, जाड खांब रोवून घे. छाटणी मार्चमध्ये, पाला फुटायच्या आत, दोन-तीन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून काडी कापायची, अगदी अप्पांच्या बागेसारखी, आणि उन्हाळ्यात जे लांबलचक शेंडे सुटतात ते अधूनमधून आखूड करायचे. शेंगा आणि बिया विषारी असतात, छोट्या चिकूच्या हाताला लागू देऊ नकोस.

अजून एक, ही वेल फार उशिरा जागी होते. पहिल्या वर्षी मे अर्धा संपला, शेजारपाजारची लायलॅक फुलायला लागली आणि ही अजून वाळक्या दोरखंडासारखी, आई व्हिडिओ कॉलवर रोज म्हणायची मेलीय ती, उपटून टाक आणि तिथे मिरच्या लाव. मी नखाने जरा साल खरवडली, आत हिरवं होतं. तू पण असंच बघ, लगेच उपटू नकोस.

आता मला तुझ्या कुंपणाचा फोटो पाठव, सकाळी दहाचा एक आणि दुपारी चारचा एक, ऊन कुठून येतं ते दिसेल. आणि जुलैच्या शेवटी येतेयस ना नक्की? माझीला तेव्हा परत थोडी फुलं असतात, आणि शेंडे कापायला माझ्याकडे एकच कात्री आहे, तुझी घेऊन ये.

तुझी,
मनू