रोकेया यांची जागा मुख्य ओळीत हवी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला यूटोपियाच्या, म्हणजे कल्पित आदर्श समाजावरच्या लेखनाच्या, परंपरेवरचा लेख दोनदा वाचला. टॉमस मोर (१५१६), बेलामी (१८८८), वेल्स हे सगळे तपशिलात आले आणि लेखिका मात्र शेवटच्या परिच्छेदात, जणू १९७०च्या दशकातल्या स्त्रीवादी चळवळीआधी त्यांनी काही लिहिलेच नव्हते. मार्गारेट कॅव्हेंडिश यांची 'ब्लेझिंग वर्ल्ड' तर १६६६ची आहे.

मी ३४ वर्षे ग्रंथालयात वर्गीकरणाचे काम केले. त्यामुळे ही चूक कुठे होते ते मला ठाऊक आहे. माझ्या हातूनही ती झाली. बंगाली लेखिका रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये १९०५ साली आली. त्यात पुरुष पडद्यात आहेत आणि राज्य बायकांचे आहे. बायकांच्या एका विद्यापीठाने ढगांतून पाणी ओढून घेणारा फुगा शोधलाय, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवायची युक्ती. त्याच उष्णतेवर स्वयंपाक होतो, आणि तीच शत्रूवर रोखून लढाई जिंकली जाते. ही उघड उघड विज्ञानकथा! मी मात्र तिचे तालिकापत्र 'स्त्रीप्रश्न' या विषयाखाली लिहिले. विज्ञानकथा शोधायला आलेल्या कुणाच्याही हाती ती लागली नसणार, याचे मला आजही वाईट वाटते.

अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या 'हरलँड' या फक्त बायकांच्या देशावरच्या कादंबरीचे वेगळेच झाले. १९१५ साली ती त्यांच्या स्वतःच्या 'फोररनर' मासिकातून क्रमशः आली, पण पुस्तक निघाले थेट १९७९मध्ये. जोआना रस यांची 'द फीमेल मॅन' ही स्त्रीवादी विज्ञानकादंबरी त्याआधीच, १९७५ला आलेली. पुस्तकांच्या सालांवरून इतिहास लिहिला, तर आजी नातीनंतर जन्मल्यासारखी दिसते. गिलमन यांचे वंशाविषयीचे विचार मला अजिबात पटत नाहीत, पण त्यावर वाद घालायचा तरी ती कादंबरी मोर आणि बेलामींच्याच ओळीत हवी. वेगळ्या कपाटातल्या पुस्तकाशी कुणी भांडतही नाही.

लेखात वेल्स यांच्या 'अ मॉडर्न यूटोपिया'ला दोन परिच्छेद दिले आहेत. तेही पुस्तक १९०५चेच. लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात त्याच सालाखाली, वेल्स यांच्या शेजारी, रोकेया यांना जागा द्यावी ही विनंती.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल