कंट्रोलर काकांस, सप्रेम नमस्कार

काका,

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, त्याला कारण तुमचा बटणांचा फोन. त्यावर आलेला मेसेज तुम्ही कधी उघडत नाही, आणि समोर बसून आभार मानायला लागलं की "चहा सांगतो" म्हणून उठून जाता. तेव्हा डेपोतल्या कुणा कंडक्टरदादांनी हे मोबाइलवर काढून तुम्हाला वाचून दाखवावं, ही विनंती. दादा, जरा मोठ्याने वाचा. शब्दांचे शेवट खाल्लेत तर काका मधेच थांबवतील, आम्हाला सगळ्यांना थांबवायचे.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. ते एसटीत वाहतूक नियंत्रक, म्हणजे आमच्या भाषेत कंट्रोलर. दिवसभर तासगावच्या स्टँडवर गाड्या लावायच्या आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये नाटक बसवायचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. पण पंढरीला पोचणारी वारी आसपासच्या गावांतून निघते, आणि ती चालवतात काकांसारखी माणसं, स्वतःच्या पगारातून नेपथ्याची फळकुटं विकत घेऊन.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी तुमच्याकडे सल्ला विचारायला आलेच नव्हते. पेढे द्यायला आले होते. मुंबईतल्या एका अभिनय अकादमीत जायचं ठरलं होतं: एक वर्षाचा कोर्स, फी लाखांत, शेवटी पोर्टफोलिओ आणि 'इंडस्ट्रीत थेट प्रवेश'. बेदाण्याचे पैसे आले की भरू, असं बाबा म्हणाले होते. तुम्ही पेढा खाल्लात, गुळगुळीत कागदावरचं ते माहितीपत्रक चाळलंत आणि विचारलंत, "यात रोज शिकवतं कोण?" फोटोतली नावाजलेली मंडळी वर्षातून किती वेळा येतात? पूर्ण लांबीची नाटकं किती बसतात? गेल्या वर्षी शिकून गेलेली, पण ज्यांचा फोटो यात छापलेला नाही, अशा दोघा-तिघांशी बोलायला मिळेल का? मी तिथल्या तिथे फोन लावला. शेवटच्या प्रश्नावर पलीकडचे गृहस्थ मीटिंगला निघून गेले.

"शिकायला जातीयास, का फोटो काढायला?" तुम्ही म्हणालात. मला भयंकर राग आला होता. आता सांगायला हरकत नाही.

मग तुम्ही पाठकोऱ्या कागदावर जे मांडून दिलंत ते मी जपून ठेवलंय, कारण तेवढं स्वच्छ मला त्यानंतरही कुणी सांगितलं नाही. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, १९५९ पासूनचं, दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी घडवलेलं. तीन वर्षं, पण आधी पदवी लागते आणि निदान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव. शिवाय शिक्षण मुख्यतः हिंदीतून. पुण्याचं एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, प्रभात स्टुडिओच्या जागेवरची. तिथला अभिनय कॅमेऱ्यासाठीचा, आणि त्यालाही पदवी हवी. कलिनाला मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, वामन केंद्रे यांनी उभी केलेली, पण तीही पदवीनंतरची. "नसीरुद्दीन आणि ओम पुरी आधी दिल्लीला गेले, मग पुण्याला. दोन्हीकडे वेगळं शिकवत असतील म्हणूनच ना?" बारावीनंतर लगेच उघडं असलेलं दार म्हणून तुम्ही दोन गोष्टींखाली रेघ मारलीत. एक, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, जिथे नाटकात बीए करता येतं. दुसरी, पुण्यातलं कुठलंही साधं कॉलेज, फक्त पुरुषोत्तम करंडकात दरवर्षी उतरणारं.

ही दुसरी रेघ मला तेव्हा तडजोड वाटली. तुम्हाला वाटत नव्हती. १९६३ पासून चाललेल्या त्या एकांकिका स्पर्धेने मराठीला किती नट दिले हे तुम्ही बोटांवर मोजायला लागलात आणि बोटं संपली. भरत नाट्य मंदिरात 'आव्वाज कुणाचा' म्हणून नाट्यगृह दणाणून जातं, त्यात उभं राहणं हेही शिक्षणच, असं तुमचं म्हणणं. फक्त ते ऐन पावसाळ्यातल्या तालमींचं, करंडकाच्या ईर्ष्येचं. वर्षभर रोज सकाळी उठून आवाज, शरीर, वाचन यांवर काम करून घेणारं कुणी असेलच असं नाही. तुला शिस्त लावणारं कुणी हवंय का, तू स्वतःची स्वतः लावून घेशील? हा प्रश्न तुम्ही माझ्यावर सोडलात. आपल्याकडे सल्ला देणारा माणूस इथे स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

आणि मग तुम्ही रजा टाकलीत. मला नि आईला घेऊन पुण्याला आलात, आमची तिकिटंसुद्धा काढू दिली नाहीत. ललित कला केंद्राच्या आवारात गेल्यावर मला वाटलं होतं, आपण आधी ऑफिसात जाऊ. तुम्ही मुलांच्यात जाऊन बसलात. पहिल्या वर्षाला काय करता? घाम किती येतो? मेसचे किती जातात? हॉस्टेल मिळालं नाही तर राहता कुठे? एकाने सांगितलं की पहिले कित्येक दिवस भूमिका वगैरे काही नाही, तालमीची जागा झाडायची, दिवे लावायचे, सीनियरांच्या नाटकात मागे उभं राहायचं. माझा चेहरा पडला आणि तुमचा खुलला. आईने मात्र तिथल्या एका मुलीला बाजूला घेऊन रात्री तालमी किती वाजता सुटतात ते विचारलं. तो प्रश्न तुमच्या यादीत नव्हता. मुलीला पाठवणाऱ्या कुठल्याही घराने तो आधी विचारावा.

बाबांचं काय करायचं, हा खरा घोळ होता. त्यांचा एकच प्रश्न: एवढं शिकून काम मिळणार का? तुम्ही म्हणालात, "मिळेलच असं नाही." मी टेबलाखालून तुम्हाला पाय मारला. पण तुम्ही पुढे बोललात. डॉ. श्रीराम लागू कुठल्या नाट्यशाळेत गेले नव्हते. कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ साली चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नट झाले. अतुल कुलकर्णी सोलापूरच्या हौशी रंगभूमीवरून दिल्लीच्या शाळेत गेले. कुणाचा रस्ता कुणाला लागू नाही. पण ही विद्यापीठाची पदवी आहे, उद्या बीएड करायचं म्हटलं, स्पर्धा परीक्षा द्यायची म्हटली तरी उपयोगी पडेल आणि बेदाण्याचे पैसेही घरात राहतील. बाबांना नाटकाने नाही, या हिशोबाने पटलं. खोटी आशा दाखवली असतीत तर ते उठून गेले असते, हे मला फार उशिरा उमगलं.

प्रवेशाच्या तयारीबद्दल थोडक्यात. दोन उतारे बसवून घेतलेत. एक माझ्या बोलीत, एक प्रमाण मराठीत. पुण्याला जायचं म्हणून मी 'करतीया' वगैरे घासून काढायला निघाले होते. तुम्ही बोलीतला उतारा आधी म्हणायला लावलात. त्यानंतरच्या तीन वर्षांत मला जेवढ्या भूमिका मिळाल्या, त्यांतल्या निम्म्या तरी त्या बोलीमुळे.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. शिकले. पदवी झाली. एका व्यावसायिक नाटकात छोटी भूमिका करते, प्रयोगाची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, वेळेवर मिळते. मधूनमधून मालिकांत कुणाची तरी नणंद नाहीतर नर्स असते. दिल्लीचा अर्ज आता भरता येईल, अजून भरलेला नाही.

एक गोष्ट मात्र मी तुमच्याशी कधी बोलले नाही. त्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी तुम्ही जे नाटक निवडलं होतं, त्यात मुख्य भूमिका माझी होती. वाचनं सुरू झाली होती. मी जूनमध्ये पुण्याला गेले तर नोव्हेंबरात तुमच्याकडे त्या भूमिकेला कुणी नसणार, हे पाठकोऱ्या कागदावर रेघा मारतानाच तुम्हाला ठाऊक होतं. १९५४ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत संघ उतरवण्यासाठी तुम्ही काय काय विकलंय, हे गावाला माहीत आहे. तरी "यंदा एवढं नाटक करून जा" असा शब्द तुम्ही काढला नाहीत. नंतर कळलं की नाटक बदललंत, फक्त पुरुष पात्रांचं घेतलंत.

यंदा नोव्हेंबरात माझ्या तारखा मोकळ्या आहेत, मी निर्मात्यांशी बोलून ठेवलंय. संहिता कुठली घेताय ते कळवा. भूमिका नसेल तर प्रॉम्प्टिंगला बसेन.

तुमची,
पेढेवाली