ताई, त्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानासाठी

ताई,
फोनवर थँक्यू म्हणून मन भरलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

खाजन शेतीवरच्या (गोव्यात खाडीकाठी बांध घालून करतात ती भातशेती) माझ्या पीएचडीचं लिटरेचर रिव्ह्यूचं चॅप्टर दोनदा परत आलं होतं. चाळीस पानं, आणि सगळे पॅरे एकाच साच्यातले, अमक्याने हे म्हटलंय, तमक्याने ते. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत तुम्ही ती शांतपणे वाचलीत आणि प्रत्येक पॅऱ्याला एवढंच विचारलंत, "आनी मागीर?", म्हणजे आणि मग? मला काही सांगताच येईना.

मग तुम्ही पिशवीतून जुन्या कॅलेंडरचं पान काढलंत आणि मागे पेन्सिलीने रकाने आखलेत. एका बाजूला लेखक, वर प्रश्न: बांध का फुटतात, मानस (बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) कोणी सांभाळायची, पैसा कोणाला मिळतो. एकेक पेपर घेऊन रकाने भरत गेलो तेव्हा कुठे मला दिसलं की काहीजण 1964 च्या कूळ कायद्याकडे बोट दाखवतात, म्हणजे कोमुनिदादीचा (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) जमिनीवरचा हात सुटला मग बांध बघणार कोण, आणि बाकीचे म्हणतात मानशीवरच्या मासळीत शेतीपेक्षा जास्त पैसा, म्हणून खारं पाणी मुद्दाम आत घेतात. दोन्ही बाजू एकमेकांना उत्तरच देत नव्हत्या! आणि एक रकाना जवळजवळ रिकामा, बांधाला चिखल लावणाऱ्या माणसांना कोणी विचारलंय का. माझा विषय तिथे सापडला.

1526 च्या फोरलचंही (गावकऱ्यांचे रीतिरिवाज नोंदवणारी पोर्तुगीज सनद) तसंच. मी चार पुस्तकांचे दाखले दिले होते, तुम्ही चारही तळटीपा उघडून दाखवल्यात, चौघांनी एकाच जुन्या पुस्तकातून उचललेलं. "हे चार पुरावे न्हय बाय, एकच." त्या दिवसापासून मूळ कागद किंवा त्याचं भाषांतर बघितल्याशिवाय मी दाखला देत नाही. आणि हो, कुठल्या शब्दाने कुठे शोधलं ते तारखेसकट वहीत लिहायची सवय, तीही तुमचीच, कारण पोर्तुगीज कागदांत खाजनाचं स्पेलिंगच वेगळं.

काल मेल आला, चॅप्टर पास. चाळीसची सव्वीस पानं झालीत. आई म्हणतेय रविवारी पातोळ्या करते, घेऊन येते मी फोंड्याला, घरी असा.